करंडक कोणाला द्यावा? अमेरिकी फ्रॅटर्निटी-सोरोरिटी चॅप्टरांच्या मूल्यमापनाचा आढावा

अमेरिकेतील कॉलेजांमध्ये फ्रॅटर्निटी ही मुलांच्या आणि सोरोरिटी ही मुलींच्या देशभर पसरलेल्या संघटनांची नावे आहेत आणि चॅप्टर म्हणजे त्या संघटनेची एका कॉलेजातली शाखा. संघटनेला घटना असते, ध्वज असतो, बोधवाक्य आणि गुप्त दीक्षाविधी असतो, दूरच्या एखाद्या शहरात मुख्यालय असते. पण विद्यार्थी राहतात, जेवतात, भांडतात, अभ्यास करतात किंवा टाळतात ते चॅप्टरमध्ये. म्हणून या संस्थांची खरी किंमत शाखेच्या पातळीवरच ठरते. एकाच संघटनेचा एका राज्यातला चॅप्टर अभ्यासात आणि समाजकार्यात पुढे असतो, आणि त्याच वर्षी दुसऱ्या राज्यातला चॅप्टर हेझिंगच्या प्रकरणात बंद पडतो. हेझिंग म्हणजे नव्या सदस्यांना सामावून घेण्याच्या नावाखाली केलेला छळ. भारतात ज्याला रॅगिंग म्हणतात त्याचेच हे भावंड. उत्तम चॅप्टर ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर त्याचा गौरव कोणी, कशासाठी करायचा, हा प्रश्न त्यामुळे पुरस्कार-समारंभापुरता राहत नाही. दरवर्षी हजारो अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली याच गौरवाकडे पाहून कोणत्या चॅप्टरच्या घराचे दार ठोठावायचे ते ठरवतात.

या संस्थांचे मूल्यमापन करताना एक सोय आहे: पहिला निकष त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेला असतो. ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी पहिली विद्यार्थी-संस्था फाय बीटा कॅप्पा ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. तिने पुढे गुप्तता सोडली आणि ती विद्वत्तेचा सन्मान करणारी संस्था झाली. आज ज्यांना सामाजिक फ्रॅटर्निटी म्हणतात त्यांची परंपरा १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात स्थापन झालेल्या कॅप्पा अल्फा सोसायटीपासून धरतात. मुलींच्या संस्था १८५१ पासून जॉर्जियातील वेस्लियन कॉलेजात दिसू लागल्या. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारी मुलींची पहिली संघटना कॅप्पा अल्फा थीटा १८७० मध्ये इंडियानात निघाली. ‘सोरोरिटी’ हा शब्द मात्र १८८२ चा आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकाने तो गामा फाय बीटा या संस्थेसाठी घडवला. गोऱ्यांच्या संघटनांची दारे बंद असताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा आणि १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅप्पा अल्फा उभी केली. या सगळ्यांच्या स्थापनेच्या कागदांत विद्या, चारित्र्य, बंधुभाव किंवा भगिनीभाव आणि सेवा हे शब्द वेगवेगळ्या क्रमाने येतात. चॅप्टरने हे शब्द जगून दाखवले का, एवढेच खरे तर तपासायचे असते. ते तपासणे सोपे नाही आणि या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच आहे.

मूल्यमापन करणारे अनेक आहेत आणि प्रत्येकाला वेगळे काही हवे असते. राष्ट्रीय मुख्यालयाला सदस्यसंख्या, वर्गणी आणि संघटनेची प्रतिष्ठा महत्त्वाची. विद्यापीठाच्या विद्यार्थी-कल्याण विभागाला सुरक्षितता आणि अभ्यास. कॅम्पसवरच्या परिषदा चॅप्टरांनीच मिळून बनवलेल्या असतात, त्यांना आपसातला समतोल राखायचा असतो. त्यांच्या वरच्या राष्ट्रीय छत्रसंस्थांपैकी मुलींच्या संघटनांची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२ ची, पुरुषांच्या संघटनांची आंतरफ्रॅटर्निटी परिषद १९०९ ची आणि कृष्णवर्णीय संघटनांची नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल १९३० ची. या तिन्हींच्या छत्राखालचे चॅप्टर एकाच कॅम्पसवर नांदतात, पण त्यांच्या परंपरा इतक्या वेगळ्या आहेत की एकच फूटपट्टी लावली की कोणीतरी दुखावतेच. यात विमा कंपन्यांचीही भर पडते. एखाद्या घरातल्या अपघाताचा दावा सगळ्या संघटनेच्या हप्त्यावर उमटतो, त्यामुळे जोखीम व्यवस्थापनाचे निकष कोणी मागितले नसते तरी विम्यामुळे आलेच असते.

सर्वांत जुनी पद्धत मुख्यालयाच्या करंडकांची. फाय गामा डेल्टाचा चेनी कप, सिग्मा फाय एप्सिलॉनचा ब्युकॅनन कप, लॅम्डा काय अल्फाचा ग्रँड हाय अल्फा पुरस्कार, सिग्मा न्यूचा रॉक चॅप्टर पुरस्कार ही त्यांच्या सदस्यांना तोंडपाठ असलेली नावे. अधिवेशनात नाव पुकारले जाते तेव्हा वीस वर्षांची मुले ढसाढसा रडतात, आणि तो करंडक पुढे कित्येक वर्षे घराच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात दिसतो.

या पुरस्कारांच्या रचनेत दोन घराणी आहेत. एकात क्रमवारी असते. डेल्टा टाउ डेल्टा दरवर्षी आपल्या सर्वोत्कृष्ट दहा चॅप्टरांना ह्यू शील्ड्स पुरस्कार देते. अकरावा कितीही चांगला असला तरी बाहेर राहतो. दुसऱ्यात उंबरठा असतो. सिग्मा कायच्या पीटरसन सिग्निफिकंट चॅप्टर पुरस्कारासाठी ठरावीक निकष पूर्ण करावे लागतात आणि जितके चॅप्टर ते पूर्ण करतील तितक्यांना तो मिळतो. क्रमवारीत चुरस आणि झळाळी असते, पण शेजारचा चॅप्टर पडला तरी आपण वर जातो, हा तिचा दोष आहे. उंबरठ्याच्या पद्धतीत सहकार्य टिकते. मात्र उंबरठा हळूहळू सवयीचा होतो आणि बहुतेकांनाच मिळणारे मानचिन्ह काही सांगेनासे होते. शिक्षणसंस्थेच्या दृष्टीने उंबरठ्याची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. चॅप्टरने स्वतःच्या वचनाशी स्पर्धा करायची असते, शेजाऱ्याशी नव्हे.

मुख्यालयाचे परीक्षण कितीही काटेकोर असले तरी त्यात हितसंबंधाची एक गाठ आहे. नव्वद सदस्यांचा चॅप्टर बंद केला की नव्वद वर्गण्या जातात, माजी सदस्य दुरावतात, देणग्या आटतात. अशा चॅप्टरच्या अहवालातल्या रिकाम्या जागा मुख्यालयाच्या, दोन वर्षांपूर्वीच पदवीधर झालेल्या फिरत्या सल्लागाराला दिसतीलच असे नाही. विद्यापीठांनी स्वतःची मूल्यमापन पद्धत उभी केली ती या उणिवेतून. फ्रॅटर्निटी-सोरोरिटी सल्लागारांची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. उच्च शिक्षणातील सेवांची मानके ठरवणारी परिषद १९७९ मध्ये उभी राहिली आणि तिने या क्षेत्रासाठीही मानके लिहिली. ती मानके चॅप्टरची नव्हेत, विद्यापीठातल्या सल्लागार-कार्यालयाची आहेत. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण चॅप्टरला गुण देणारे कार्यालयच अपुरे असेल, दोन माणसे चाळीस चॅप्टर सांभाळत असतील, तर त्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही. २००३ मध्ये कॉलेजांचे अध्यक्ष आणि संघटनांचे पदाधिकारी यांच्या एका गटाने मूल्ये आणि वर्तन यांची सांगड घालण्याचे जाहीर आवाहन केले. त्यानंतर कॅम्पसवरच्या ‘चॅप्टर एक्सलन्स’ कार्यक्रमांना जोर आला.

या कार्यक्रमांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखा आहे. अभ्यास, नेतृत्वविकास, समाजसेवा, सदस्यनिवड आणि नवसदस्य-प्रशिक्षण, जोखीम व्यवस्थापन, माजी सदस्यांशी संबंध, आर्थिक शिस्त असे विभाग असतात. चॅप्टर वर्षभराचा लेखी अहवाल पुराव्यांसह देतो, पुढे समितीसमोर सादरीकरण होते, आणि शेवटी सुवर्ण, रौप्य, कांस्य किंवा तारे अशी श्रेणी मिळते. पेनसिल्व्हेनियातील लिहाय विद्यापीठाने याला मान्यतेचे, म्हणजे अॅक्रेडिटेशनचे रूप दिले आणि समितीत प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी एकत्र बसवले. भारतातल्या कॉलेजांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘नॅक’च्या फेऱ्यांतून गेलेल्या कोणत्याही मराठी प्राध्यापकाला ही पद्धत लगेच ओळखू येईल: तोच स्वयंमूल्यमापन अहवाल, तीच फोटोंची आणि हजेरीपत्रकांची जुळवाजुळव, तीच समितीच्या भेटीआधीची रंगरंगोटी. दोषही तोच. फाइल नीट लावणारा एक मेहनती सचिव असेल तर मध्यम चॅप्टर सुवर्णश्रेणी गाठतो. मनापासून काम करणाऱ्या पण कागद न ठेवणाऱ्या चॅप्टरच्या पदरी कांस्य येते. तरीही लिहायसारख्या पद्धतीचा एक गुण मान्य करायला हवा. समितीतला प्राध्यापक समोरासमोर प्रश्न विचारतो तेव्हा विद्यार्थ्यांना आपल्या वर्षाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो, आणि ते कोणत्याही तक्त्यात भरता येत नाही.

अभ्यासाचे मोजमाप सगळ्यांत सोपे वाटते. चॅप्टरची सरासरी जीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी, काढायची आणि ती कॅम्पसवरच्या सर्व मुलांच्या किंवा सर्व मुलींच्या सरासरीशी ताडून पाहायची, ही रूढ पद्धत. अनेक कॅम्पसवर सोरोरिटींची सरासरी वर असते, आणि हा आकडा सगळी पत्रके मिरवतात. पण बहुतेक चॅप्टर प्रवेशालाच किमान जीपीएची अट घालतात. आधीच चांगले गुण असलेल्यांना निवडून नंतर त्यांचे गुण चांगले आहेत असे दाखवणे, हे निवडीचे यश झाले, संगोपनाचे नाही. खरा प्रश्न असा असतो की तोच विद्यार्थी चॅप्टरबाहेर राहिला असता तर कुठे असता. अर्नेस्ट पास्करेला आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रॅटर्निटीत गेलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बौद्धिक वाढीवर प्रतिकूल परिणाम आढळला; २००१ च्या पाठपुराव्यात पुढच्या वर्षांमध्ये तो बराच ओसरलेला दिसला. यातून निघणारा निष्कर्ष चॅप्टरांच्या फार उपयोगाचा आहे. नुकसान होते ते नवसदस्यपणाच्या सत्रात. रात्री-बेरात्रीच्या बैठका, सक्तीची कामे, झोपेची वजाबाकी हे सगळे त्याच काळात येते. म्हणून चॅप्टरची एकूण सरासरी पाहण्याऐवजी नव्या सदस्यांची त्या एका सत्रातली सरासरी त्यांच्या आधीच्या गुणांशी ताडून पाहिली, तर चॅप्टरच्या आतल्या हवेचा अंदाज कितीतरी अचूक येतो. काही कॅम्पस ही आकडेवारी वेगळी काढतात. सगळ्यांनी काढायला हवी.

पदवीनंतरच्या आयुष्याबद्दलचे आकडे उलट दिशेला बोट दाखवतात. गॅलपने २०१४ मध्ये सुमारे ३०,००० पदवीधरांच्या पाहणीतून असे दाखवले की फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत राहिलेल्यांपैकी ४३ टक्के आपल्या नोकरीत मनापासून गुंतलेले होते, तर इतरांत हे प्रमाण ३८ टक्के. ईशान्य अमेरिकेतील एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासात फ्रॅटर्निटी-सदस्यत्वाने जीपीए सुमारे ०.२५ ने घटते आणि पुढील उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. म्हणजे चॅप्टर ज्ञान कमी आणि ओळखीपाळखी जास्त देतो, असा या अभ्यासाचा रोख. मूल्यमापनाच्या दृष्टीने हे अवघड प्रकरण आहे. ओळखींचे जाळे ही सदस्याची कमाई आहे, पण संघटनेच्या बोधवाक्यात ती कुठेच नसते. शिवाय जाळ्याबाहेर राहिलेल्याच्या वाट्याचेच काहीतरी त्यात गेलेले असते. त्यामुळे माजी सदस्यांच्या पगारांना उत्कृष्टतेचा निकष मानणारी पद्धत शिक्षणसंस्थेला शोभणारी नाही.

समाजसेवेत दोन गोष्टींची सरमिसळ होते: निधी उभारणे आणि हाताने काम करणे. निधीच्या बाजूला पेन स्टेट विद्यापीठातील ‘थॉन’ हे मोठे उदाहरण. १९७३ मध्ये तिथल्या कॅम्पसवरच्या आंतरफ्रॅटर्निटी परिषदेने सुरू केलेली ही नृत्य-मॅरेथॉन १९७७ पासून बालकर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी उभारते आणि आता तिच्यात फ्रॅटर्निटी-सोरोरिटीबाहेरचे विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात. काय ओमेगा या सोरोरिटीचा मेक-अ-विश या संस्थेशी संबंध २००२ पासूनचा. हाताच्या कामाच्या बाजूला पाय कॅप्पा फायचा अपंगांसाठीचा उपक्रम १९७७ पासून चालतो. त्यात सदस्य सायकलवरून देश ओलांडतात आणि वाटेत अपंग व्यक्तींच्या संस्थांमध्ये थांबतात. मूल्यमापनाचे अर्ज मात्र दोन्हीकडे एकच विचारतात: किती डॉलर आणि किती तास. मग तास फुगतात. पिझ्झा विकून जमवलेल्या पैशाला आणि शाळेत वर्षभर दर मंगळवारी शिकवायला जाण्याला एकाच रकान्यात जागा मिळते. ज्या संस्थेसाठी काम केले तिलाच विचारणे हा यावरचा उपाय. चॅप्टरची मुले वेळेवर येत होती का, पुढच्या वर्षी पुन्हा हवी आहेत का, एवढे दोन प्रश्न तासांच्या बेरजेपेक्षा जास्त सांगतात.

कृष्णवर्णीय संघटनांच्या बाबतीत सेवेचे मोजमाप अधिकच तोकडे पडते. डेल्टा सिग्मा थीटा १३ जानेवारी १९१३ रोजी हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली आणि तिच्या सदस्यांनी त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात भाग घेतला. संघटनेचे पहिले सार्वजनिक काम तेच. अल्फा फाय अल्फा अनेक दशके मतदार-नोंदणीचे काम करत आली आहे, आणि वॉशिंग्टनमध्ये २०११ साली खुले झालेले मार्टिन ल्यूथर किंग स्मारक उभे राहिले ते याच संघटनेच्या पुढाकाराने. किंग स्वतः तिचे सदस्य होते. या परंपरेत सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही. पदवीधरांचे वेगळे चॅप्टर असतात आणि विद्यार्थी-चॅप्टरचे काम त्यांच्याशी जोडलेले असते. कॅम्पसच्या अर्जात मात्र फक्त विद्यार्थ्यांचे तास मोजले जातात.

चॅप्टरच्या आकाराचा प्रश्नही इथेच येतो. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत काही सोरोरिटी चॅप्टरांची सदस्यसंख्या शेकड्यांत असते. पॅनहेलेनिक पद्धतीत प्रत्येक चॅप्टरने किती मुली घ्यायच्या याचा कोटा आणि एकूण मर्यादा परिषदच ठरवते. त्यामुळे तिथे मोठा आकार हा चॅप्टरचा पराक्रम नसतोच. तरीही अर्जांत ‘सदस्यवाढ’ गुण मिळवून देते. दुसऱ्या टोकाला आठ-दहा सदस्यांचे चॅप्टर असतात: लॅटिनो, आशियाई, बहुसांस्कृतिक आणि दक्षिण आशियाई. बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये निघालेली आयोटा न्यू डेल्टा, ह्यूस्टन विद्यापीठात १९९८ मध्ये सुरू झालेली डेल्टा फाय ओमेगा, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९९ मध्ये स्थापन झालेली बीटा काय थीटा या दक्षिण आशियाई वळणाच्या संघटना. अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतली मुले-मुली फ्रॅटर्निटी-सोरोरिटीच्या वर्तुळात येतात ती अनेकदा याच वाटेने. अशा चॅप्टरकडे घर नसते, पगारी कर्मचारी नसतो, देणगीदार माजी सदस्यांची फळी नसते. शंभर पानी अर्ज भरायला आठांपैकी दोघांना महिनाभर राबावे लागते, तेवढ्यात त्यांची एक कार्यशाळा झाली असती. दरडोई मोजमाप केले तर अन्याय थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. दहापैकी एक जण आजारी पडला तरी हजेरीची टक्केवारी घसरते, आणि एकाच्या नापास होण्याने सरासरी कोसळते. लहान चॅप्टरांसाठी दोन-तीन वर्षांची एकत्रित आकडेवारी घ्यावी आणि लेखी अर्जाऐवजी मुलाखत असावी, हा सुचवला जाणारा उपाय शहाणपणाचा आहे.

कोणाला आत घेतले जाते हे तपासण्याची गरज २०१३ च्या शरद ऋतूत अलाबामा विद्यापीठाने देशाला दाखवून दिली. विद्यार्थी-वृत्तपत्राने उघड केले की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलींना सोरोरिटींनी नाकारले, आणि चॅप्टरमधल्या काही मुली त्यांना घ्यायला तयार असताना माजी सदस्य महिलांनी मध्ये पडून ते होऊ दिले नाही. देशभर गदारोळ झाल्यावर विद्यापीठाला सदस्यनिवड पुन्हा खुली करावी लागली. गुण, निधी, सेवेचे तास या रूढ रकान्यांपैकी एकातही हे दिसले नसते. दिसले ते आतल्या मुली बोलल्या म्हणून. बहुतेक अर्जांमध्ये ‘माजी सदस्यांचा सहभाग’ या नावाने गुण मिळतात. तो सहभाग कशासाठी होता, हे विचारणारा रकाना अलाबामानंतरही फार थोड्या ठिकाणी आहे.

आणि मग सुरक्षिततेचा प्रश्न. बाकी सगळे निकष त्याच्या मागून येतात. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेन स्टेटमधील बीटा थीटा पायच्या घरात नव्या सदस्यांच्या स्वागतात एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला थोड्या वेळात भरमसाट दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला, तासन्तास मदत बोलावली गेली नाही आणि ४ फेब्रुवारीला तो मरण पावला. हा चॅप्टर बदनाम नव्हता. घर नियमाने दारूमुक्त होते, लाखो डॉलर खर्चून नव्याने सजवलेले होते, आत कॅमेरे होते, माजी सदस्य लक्ष घालत होते, घरात राहणारा सल्लागार होता. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीच नंतर लिहिले की अनेकांच्या लेखी हा आदर्श चॅप्टर होता. मूल्यमापनाच्या जवळजवळ प्रत्येक रकान्यात बसणाऱ्या घरात हे घडले, म्हणून ही घटना या विषयाच्या इतिहासात दुभाजकासारखी आहे. रकाने जे मोजत होते ते दिवसाचे घर होते. रात्रीच्या घराबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

स्वतःविषयीच्या अहवालावर सुरक्षिततेचे गुण का देऊ नयेत, हे संशोधनाने त्याआधीच दाखवले होते. एलिझाबेथ अॅलन आणि मेरी मॅडन यांनी २००८ मध्ये ५३ संस्थांतील ११,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. क्लब, संघ आणि संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंग अनुभवले होते, आणि ज्यांनी आपल्यावर हेझिंग झाल्याचे ओळखले त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांनी ते अधिकाऱ्यांना कळवले नव्हते. हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांच्या पाहण्यांत फ्रॅटर्निटी-घरांत राहणाऱ्यांपैकी पाचातले चार जण अतिमद्यपान करणारे आढळले होते. अशा परिस्थितीत ‘या वर्षी एकही तक्रार नाही’ हे वाक्य चांगल्या चॅप्टरचेही असू शकते आणि दहशतीखालच्या चॅप्टरचेही. उलट, स्वतःहून चूक कळवणाऱ्या चॅप्टरचे गुण कापले जातात, आणि पुढच्या वर्षी तोही गप्प राहायला शिकतो. मूल्यमापनाची रचनाच अशा वेळी मौनाला बक्षीस देते. सोरोरिटींच्या बाबतीत आणखी एक आडपडदा आहे. पॅनहेलेनिक सोरोरिटींच्या घरांत दारूला मनाई असते, म्हणून त्यांच्या पार्ट्या पुरुषांच्या घरांत होतात. कागदावर त्या निर्दोष राहतात; त्यांच्या मुली मात्र त्याच रात्री, त्याच जोखमीत असतात.

२०१७ नंतरचे बदल तीन दिशांनी झाले. संघटनांनी नियम कडक केले: आंतरफ्रॅटर्निटी परिषदेने १५ टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या पेयांवर १ सप्टेंबर २०१९ पासून घरांमध्ये आणि कार्यक्रमांमध्ये जवळजवळ सर्वत्र बंदी घातली. त्याआधीची काही पावले लक्षात ठेवण्याजोगी आहेत. फाय डेल्टा थीटाने २००० पासून दारूमुक्त घरांचे धोरण लागू केले होते. सिग्मा फाय एप्सिलॉनने १९९० च्या दशकात ‘प्लेज’ ही नवसदस्यांची दुय्यम पायरीच काढून टाकणारा कार्यक्रम आणला आणि सिग्मा अल्फा एप्सिलॉनने मार्च २०१४ मध्ये ती पायरी रद्द केली. दुसरी दिशा कायद्याची. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये पेन स्टेटमधल्या त्या मृत विद्यार्थ्याच्या नावाने हेझिंगविरोधी कायदा केला. लुइझियाना, ओहायो, व्हर्जिनिया यांनीही आपापल्या राज्यांतल्या मृत्यूंनंतर कायदे कडक केले. तिसरी दिशा पारदर्शकतेची, आणि मूल्यमापनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. पेन स्टेटने प्रत्येक चॅप्टरची प्रगतिपत्रके जाहीर करायला सुरुवात केली. त्यांत सदस्यसंख्या, जीपीए, सेवा आणि निधी यांच्या शेजारीच शिस्तभंगाची आणि चॅप्टरच्या स्थितीची नोंद असते. करंडक आणि गुन्हा एकाच पानावर दिसू लागला.

२०२४ च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या स्टॉप कॅम्पस हेझिंग कायद्याने ही पद्धत देशव्यापी केली. संघराज्याचा निधी घेणाऱ्या संस्थांना आता हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी-संघटनांची नावे, प्रकरणाचे वर्णन, तारखा आणि दिलेली शिक्षा यांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो आणि तो वर्षातून दोनदा अद्ययावत करावा लागतो. वार्षिक सुरक्षा अहवालातही हेझिंगचे आकडे द्यावे लागतात. कायदा उत्कृष्टतेबद्दल काही बोलत नाही. तो किमान पातळीची नोंद ठेवतो, आणि नेमके हेच त्याचे बळ आहे.

कारण चांगल्या पद्धतीतला पहिला नियम हाच की किमान पातळी आणि उत्कृष्टता यांची बेरीज करू नये. हेझिंगमध्ये गेलेले गुण समाजसेवेत भरून काढता येतात अशी कोणतीही गुणपत्रिका मुळातच चुकीची आहे. सुरक्षितता हे प्रवेशद्वार मानावे. ते ओलांडले नाही तर बाकीचा अर्ज उघडूच नये. दुसरा नियम पडताळणीचा: सदस्यांची निनावी पाहणी, घर सोडून गेलेल्यांच्या मुलाखती, आणि विशेषतः नवसदस्यपणाच्या काळात मध्येच बाहेर पडलेल्यांचे म्हणणे. गेलेला माणूस का गेला, हे विचारणारा चॅप्टर फार विरळा, आणि तोच बहुधा उत्तम असतो. तिसरा नियम स्वतःहून चूक सांगणाऱ्याला संरक्षण देण्याचा. अनेक राज्यांत अपघाताच्या वेळी मदत बोलावणाऱ्याला कारवाईतून सवलत देणारे कायदे आहेत. मूल्यमापनातही तेच तत्त्व यायला हवे. चौथी बाब पुरस्कार परत घेण्याची. समारंभ वसंत ऋतूत होतो, चौकशी कधीकधी वर्षभर चालते. निकाल लागल्यावर काचेच्या कपाटातला करंडक परत मागण्याची तरतूद नियमावलीत आधीच लिहिलेली असली तर वेळ आल्यावर कोणाला धाडस करावे लागत नाही.

गौरवाचे स्वरूपही तपासण्यासारखे आहे. चषकाने घर सजते. पण सदस्य-प्रशिक्षणासाठी अनुदान किंवा दुसऱ्या चॅप्टरला मार्गदर्शन करण्याची जबाबदारी दिली तर गौरवातून काम पुढे जाते. व्यक्तींसाठी वेगळे सन्मान आहेतच. मायामी विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झालेली ऑर्डर ऑफ ओमेगा कॅम्पसवरच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी समुदायातील फार तर तीन टक्के विद्यार्थ्यांना नेतृत्वासाठी निवडते, तर गामा सिग्मा अल्फा १९८९ पासून विद्वत्तेसाठी. दोन्हींत चॅप्टरांच्या सीमा ओलांडल्या जातात, आणि शेजारच्या घरातला चांगला विद्यार्थी आपल्या घरातल्यांना दिसतो. हे लहान काम नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेली शंका काही कॉलेजांनी वेगळ्या रीतीने सोडवली. विल्यम्स कॉलेजाने १९६२ मध्ये फ्रॅटर्निटी संपवण्याचा मार्ग धरला, १९८४ मध्ये अॅमहर्स्ट आणि कोल्बी यांनी, १९९७ मध्ये बोडनने. स्वार्थमोरमध्ये २०१९ साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर उरलेल्या दोन्ही फ्रॅटर्निटींनी स्वतःच विसर्जन जाहीर केले. २०२० मध्ये व्हँडरबिल्टसह अनेक ठिकाणी सदस्यांनीच ‘ग्रीक लाइफ’, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटी व्यवस्था, रद्द करण्याची मोहीम चालवली, आणि काहींनी सामूहिक राजीनामे दिले. त्यांचे म्हणणे असे की बंद दाराआड निवड करणारी संस्था कितीही गुण मिळवो, निवडीचा दोष तसाच राहतो. याला सुधारणावाद्यांचे उत्तर असे की मान्यता काढून घेतली तरी घरे आणि पार्ट्या उरतातच. कॅम्पसबाहेर, कोणत्याही देखरेखीशिवाय. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे, आणि कोणती खरी ठरते ते कॉलेजचा आकार आणि निवासव्यवस्था यांवर अवलंबून असते. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत हजारो मुले कॅम्पसबाहेर राहतात; तिथे मूल्यमापनाचे काम टाळता येत नाही. बोडनसारख्या लहान निवासी कॉलेजात जुनी फ्रॅटर्निटी-घरे कॉलेजाने ताब्यात घेऊन सर्वांसाठी खुली ‘कॉलेज हाउसे’ केली. भिंती आणि व्हरांडे तेच राहिले. सदस्यनिवड गेली आणि तिच्याबरोबर चॅप्टरांची क्रमवारी लावण्याचे कामही संपले.